पी.टी.च्या तासाला सापडलेला खेळ

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात मी लिहिलं होतं, की बास्केटबॉल पिढ्यानपिढ्या रुळत आलेला नाही. एका मास्तरानं एका हिवाळ्यात, एका वात्रट वर्गासाठी तो बसवला. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्या मास्तराला दिला आहे. मॅटवरच्या कबड्डीबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : सर, खेळ असा कुणी एकटा बनवतो का? कबड्डी, खो-खो कुणी काढले हे कुठं सांगता येतं? मग हा जेम्स नेस्मिथ कोण, आणि त्याला एका रात्रीत खेळ सुचला ही दंतकथा की खरी गोष्ट?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली

बाई, एका रात्रीत सुचला हे जवळपास खरं आहे. मात्र त्याआधी जवळजवळ दोन आठवडे तो रोज नापास होत होता, आणि मला जास्त रस त्या दोन आठवड्यांत आहे.

नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. घराणं स्कॉटिश. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी ऑन्टारिओतल्या आल्मॉन्ट गावाजवळ त्याचा जन्म झाला. १८७० मध्ये आईवडील दोघंही विषमज्वरानं गेले आणि पोर मामाकडे वाढलं. शाळा मधेच सोडून त्यानं जंगलात लाकूडतोड केली, मग पुन्हा शाळेत जाऊन बसला, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेतली, धर्मशास्त्रही शिकला. एखाद्या चर्चमध्ये पाद्री म्हणून सहज चिकटला असता. पण याला फुटबॉलचं आणि लॅक्रॉसचं (जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) वेड. पोरांना वळण लावायला प्रवचनापेक्षा मैदान बरं, असं त्यानं मनाशी ठरवलं. १८९० मध्ये तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत गेला. आधी विद्यार्थी, लगोलग शिक्षक.

तिथला हिवाळा कडक. बाहेर बर्फ, आत कवायत. अठरा जणांचा एक वर्ग होता. वायएमसीएचे सेक्रेटरी होण्यासाठी आलेली थोराड माणसं, कवायतीला वैतागलेली. आधीच्या शिक्षकांनी हात टेकले. नेस्मिथ चर्चेत बोलून गेला होता की दोष पोरांचा नाही, आपल्या पद्धतीचा आहे. झालं. विभागप्रमुख ल्यूथर गुलिकनं तोच वर्ग त्याच्या गळ्यात बांधला आणि १४ दिवसांची मुदत दिली : घरात खेळता येईल आणि हातपाय मोडणार नाहीत, असा काहीतरी खेळ काढ. दहावी ‘फ’चा शेवटचा तास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

त्यानं आधी आपल्या सगळ्यांसारखंच केलं. असलेले खेळ घरात आणले. अमेरिकन फुटबॉल सौम्य करून पाहिला, तर पोरांना धक्काबुक्कीशिवाय तो मिळमिळीत वाटला. सॉकर आणला, खिडक्यांवर बेतलं. लॅक्रॉस आणला, काठ्यांनी तोंडं आणि हात सोलून निघाले. मुदत संपत आली.

मग तो शांतपणे बसला आणि एकेक प्रश्न सोडवू लागला. त्याचा हा विचारक्रम मी शिक्षकांच्या शिबिरांत फळ्यावर लिहून देत असे. चेंडू मोठा हवा की छोटा? छोट्याला बॅट-काठी लागते, म्हणून मोठा. मग मोठ्या चेंडूच्या खेळात माणसं एकमेकांना का पाडतात? कारण ज्याच्या हातात चेंडू आहे तो पळत सुटतो आणि त्याला थांबवायचं असतं. पळूच दिलं नाही तर? तर पाडायचं कारणच उरत नाही! इथं त्यानं चुटकी वाजवली, असं त्यानंच सांगून ठेवलं आहे. टोपलीची कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या मते बास्केटबॉल जन्मला तो या चुटकीला.

गोल कसा ठेवायचा हा पुढचा पेच. उभा गोल ठेवला तर जो तो जीव खाऊन चेंडू हाणणार. तेव्हा त्याला गावाकडचा ‘डक ऑन अ रॉक’ हा लहानपणचा खेळ आठवला. मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो उडवायचा. आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ म्हणा. त्यात जोरात फेकणाऱ्याचा दगड पार लांब जाऊन पडे, तो आणायला गेलं की राखणदार धरे. म्हणून शहाणी पोरं दगड हळूच कमानीत सोडत. नेस्मिथनं ठरवलं, गोल आडवा ठेवायचा, तोंड आभाळाकडे. म्हणजे ताकद निरुपयोगी, नेम हवा. आणि तो डोक्याच्या वर न्यायचा, नाहीतर सगळे मिळून त्याभोवती कोंडाळं करतील.

सकाळी त्यानं शाळेचे शिपाईमामा स्टेबिन्स यांच्याकडे अठरा इंची दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या हॉलच्या दोन टोकांना गॅलरीच्या कठड्यावर ठोकल्या. तेरा नियम लिहिले, ऑफिसातल्या मिस लायन्स यांनी ते टाइप केले आणि कागद बोर्डावर लागला. वर्गातला मुख्य खोडकर फ्रँक महान तो वाचून कुरकुरला, की आला आणखी एक नवा खेळ. २१ डिसेंबर १८९१. नऊ विरुद्ध नऊ. चेंडू सॉकरचा. संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला, विल्यम चेसनं केलेला. पण तास संपला तरी पोरं हलेनात. पुढं याच महाननं खेळाला ‘नेस्मिथ बॉल’ म्हणू या असं सुचवलं. नेस्मिथ हसत सुटला. असल्या नावानं कुठलाही खेळ मरेल म्हणाला. मग महानच म्हणाला, टोपली आहे, चेंडू आहे, बास्केट बॉल म्हणू या.

प्रश्न : रिंग १० फुटांवरच का असते? कुणी मोजून ठरवलं का?
— इयत्ता आठवी, लातूर

नाही रे बाळा. स्प्रिंगफील्डच्या हॉलमध्ये गॅलरीचा कठडा १० फुटांवर होता, म्हणून. तो आठ फुटांवर असता तर आज तूही उडी मारून चेंडू वरून आत कोंबला असतास, म्हणजे डंक मारला असतास. मागचा बोर्ड कशासाठी आला तेही ऐकून ठेव. गॅलरीत बसलेले प्रेक्षक हात खाली घालून आपल्या संघाचा चेंडू आत ढकलायचे आणि दुसऱ्यांचा बाहेर! त्यांना अडवायला आधी जाळी आणि फळी आली. चेंडू बोर्डावर आपटून आत घालायची युक्ती खेळाडूंना नंतर सुचली.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघात आहे. घरचे म्हणतात हा मुलांचा धसमुसळा खेळ, मुलींनी उशिरा सुरू केला. खरं आहे का?
— एक आई, नाशिक

घरच्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचायला द्या. पहिल्या सामन्याला काही आठवडे होतात न होतात तोच जवळच्या शाळेतल्या शिक्षिका गॅलरीत येऊन बघू लागल्या आणि आम्हालाही खेळायचं आहे म्हणाल्या. नेस्मिथ लगेच हो म्हणाला. त्या खेळणाऱ्यांत मॉड शर्मन नावाची तरुणी होती. १८९४ मध्ये दोघांनी लग्न केलं. जवळच नॉर्थहॅम्प्टनला स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं १८९२ मध्येच मुलींना हा खेळ शिकवायला घेतला, मैदानाचे भाग पाडून, मुलींसाठी थोडे वेगळे नियम करून. तिथं १८९३ मध्ये झालेला सामना बघायला पुरुषांना मज्जाव होता. म्हणजे बायका खेळाच्या पहिल्या हिवाळ्यापासून आहेत. आणि धसमुसळेपणाचं म्हणाल तर धसमुसळेपणा काढून टाकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप झाला.

प्रश्न : ज्यानं खेळ शोधला तो त्याचा सर्वांत यशस्वी कोच असणार. त्याच्या कोचिंगच्या पद्धतीबद्दल सांगा. माझ्या मुलाचे सध्याचे कोच फक्त जिंकण्याबद्दल बोलतात.
— एक पालक, पुणे

इथं तुमची निराशा करतो. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स गावी गेला. तोवर डेन्व्हरला त्यानं डॉक्टरकीही पुरी केली होती. विद्यापीठानं त्याला प्रार्थनामंदिराचा आणि शारीरिक शिक्षणाचा प्रमुख नेमलं. बास्केटबॉलचा संघ ओघानंच आला. १९०७ पर्यंत त्याच्या संघानं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससचा संघ अमेरिकेतल्या बलाढ्य संघांत गणला जातो, आणि तिथल्या कोचांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकच, जेम्स नेस्मिथ.

तो सरावात फार लक्ष घालत नसे. कित्येक सामन्यांत तर तोच पंच असे. त्याचा विद्यार्थी फॉग ॲलन कोचिंगचं काम घ्यायला निघाला, तेव्हा अरे, बास्केटबॉल शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं ऐकवलं, असं सांगतात. ॲलननं ते मनावर घेतलं नाही. पुढे त्याच कॅन्ससला त्यानं जवळपास चार दशकं संघ घडवले आणि अमेरिकेतल्या कोचिंगचं घराणंच उभं केलं. ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे दोन दिग्गज त्याच्या हाताखालून गेलेले.

माझं मत विचाराल तर नेस्मिथ कोच नव्हताच, तो पी.टी.चा मास्तर होता. पी.टी.च्या मास्तराला पहिल्या पाचांपेक्षा भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सहाव्या, सातव्या, तिसाव्या पोराची काळजी जास्त. त्याचं उदाहरण देतो, जे ट्रॉफ्यांच्या कपाटात दिसत नाही.

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्सस विद्यापीठात आला. वडिलांनी सांगितलं होतं, नेस्मिथकडे जा, तो तुझा मार्गदर्शक. मुलगा थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. विद्यापीठाच्या संघात तेव्हा काळ्या मुलांना जागा नव्हती. पोहण्याच्या तलावातही त्याला येऊ देत नव्हते, आणि पदवीला तर पोहणं सक्तीचं. नेस्मिथनं त्याला पंखाखाली घेतलं, अभ्यासक्रम पुरा करायला मदत केली, गावातल्या शाळेत मुलं शिकवायला मिळतील अशी व्यवस्था केली. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला. तिथं शारीरिक शिक्षणाची पदवी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. ज्या खेळात त्याला विद्यापीठानं मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच खेळाचा वेग त्यानं बदलला. आज सगळे जो ‘फास्ट ब्रेक’ खेळतात, म्हणजे चेंडू हाती येताच समोरचे सावरायच्या आत वेगानं चढाई करतात, तो घडवणाऱ्यांत मॅक्लेन्डनचं नाव अगदी वर आहे. १९४४ मध्ये, वर्णभेदाचे कायदे लागू असताना, उत्तर कॅरोलायनात त्याच्या कृष्णवर्णीय संघानं ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या खेळाडूंविरुद्ध बंद दाराआड सामना खेळला, आणि ८८-४४ असा जिंकला. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं त्याच्या टेनेसीच्या संघानं एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

५५-६० ची बेरीज करताना हा मुलगा कुठल्या रकान्यात धरायचा ते तुम्ही ठरवा. तुमच्या मुलाच्या कोचांना हे वाचून दाखवायचं की नाही, तेही.

प्रश्न : एवढा मोठा खेळ काढून माणसाला काय मिळालं? पेटंट, रॉयल्टी?
— एक लघुउद्योजक, इचलकरंजी

काही नाही. त्यानं पेटंट घेतलं नाही, खेळावर पैसे केले नाहीत, पगारावर जगला. तुमच्या धंद्याच्या हिशेबानं ही चूकच. पण वायएमसीएनं त्या शाळेच्या ‘ट्रँगल’ या नियतकालिकात जानेवारी १८९२ मध्ये नियम छापून टाकले आणि तिथून शिकून निघालेल्या माणसांनी ते जगभर नेले. पहिल्या सामन्यातच इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी खेळला होता. लायसन्स लागलं असतं तर हा खेळ स्प्रिंगफील्डच्या वेशीबाहेर गेला असता का, मला शंका आहे.

आता गंमत ऐका. तेरा नियमांचा तो टाइप केलेला कागद त्या खोडकर महाननंच बोर्डावरून काढून ठेवून घेतला होता. सुट्टीनंतर प्रामाणिकपणे परत आणून दिला. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला सोदबीच्या लिलावात त्याला ४३ लाख ३८ हजार ५०० डॉलर आले. कॅन्सस विद्यापीठाचा माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यानं तो घेतला. आज लॉरेन्सला विद्यापीठाच्या आवारात काचेआड बघायला मिळतो.

प्रश्न : इथे दर वर्षी वाद होतो, बास्केटबॉल कॅनडाचा की अमेरिकेचा? आमचा मुलगा इथल्या रॅप्टर्स संघाचा भक्त आहे.
— एक मराठी कुटुंब, टोरांटो

माणूस कॅनडाचा, खेळ अमेरिकेत जन्मलेला. नेस्मिथ स्वतः १९२५ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, म्हणजे खेळ काढला तेव्हा कॅनेडियनच होता. मुलाला आणखी दारूगोळा हवा असेल तर एनबीए ही व्यावसायिक बास्केटबॉलची लीग ज्याला आपला पहिला सामना मानते तो १ नोव्हेंबर १९४६ ला तुमच्याच टोरांटोत, मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. टोरांटो हस्कीज दोन गुणांनी हरले. आल्मॉन्टला नेस्मिथचा पुतळा आहे. सुट्टीत गाडी काढण्यासारखं अंतर आहे.

हा वाद एकदा प्रत्यक्ष मैदानावरही झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा अमेरिकेतल्या कोचांच्या संघटनेनं निधी गोळा करून पंचाहत्तरीकडे झुकलेल्या नेस्मिथला तिकडे पाठवलं. अंतिम सामना अमेरिका विरुद्ध कॅनडा! उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, धो धो पावसात. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिका १९, कॅनडा ८. पदकं नेस्मिथच्या हातून दिली गेली. आणि याच ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं आपली कबड्डी करून दाखवली होती. घरात खेळायला काढलेला खेळ तिथं चिखलात खेळावा लागला आणि मातीतली कबड्डी आता मॅटवर गेली.

प्रश्न : हा खेळ आपल्याकडे कुणी आणला?
— एक वाचक, मुंबई

मुख्यतः वायएमसीएनं. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. देशभरच्या पी.टी. मास्तरांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. माझे गुरुजी त्यांतलेच. त्यांची शिट्टी ऐकली की अजून पाठ ताठ होते. तुमच्या मुंबईचा धागा तर ठसठशीत आहे. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ सुरू केलं. आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ही संस्थाही पुढे १९३६ मध्ये तिथंच सुरू झाली. दाटीवाटीच्या त्या वस्तीत क्रिकेटला जागा कुठली? बास्केटबॉलला एक कोर्ट पुरलं. नागपाड्यानं देशाला खेळाडू दिले. अब्बास मुंतसिर हा भारताचा कर्णधार तिथलाच, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा. गल्लीतल्या पोरांना रिकामं राहू द्यायचं नाही हा नेस्मिथचा हेतू इतक्या लांब येऊन नागपाड्याला जसा लागू पडला, तसा भल्याभल्या विद्यापीठांत पडला नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत पावसाळ्यात मैदान बंद. एक हॉल, साठ मुलं, एक चेंडू. मुलांना मूळ तेरा नियमांनी बास्केटबॉल खेळवता येईल का?
— क्रीडाशिक्षक, रत्नागिरी जिल्हा

जरूर खेळवा, सर. त्या नियमांत खेळाडूंची संख्याच दिलेली नाही, तेव्हा नऊ-नऊ घ्या, बारा-बारा घ्या, आणि गोल झाला की तुकड्या बदला. टोपल्या कोळणीकडच्या चालतील, धुऊन घ्या. तळ कापून टाका. भिंतीला खिळा ठोकायला मुख्याध्यापक नाही म्हणाले तर व्हरांड्याच्या कठड्याला बांधा. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पळणं, नाही : चेंडू जिथं धरला तिथूनच फेकायचा, पळत असताना हाती आला तर थांबायला दोन पावलं सांभाळून घ्या. हॉल निसरडा असतो, म्हणून हा नियम सोडू नका. ढकलणं, धरणं, पाय घालणं हा फाऊल. त्याच मुलाचा दुसरा फाऊल झाला की पुढचा गोल होईपर्यंत तो बाहेर. चेंडूला मुठीनं गुद्दा मारणं हाही फाऊल. एका संघानं लागोपाठ तीन फाऊल केले, आणि मधे दुसऱ्यांनी एकही केला नाही, तर दुसऱ्यांना एक गोल फुकट. या एका नियमानं आडदांड पोरांना त्यांचेच सवंगडी आवरतात, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

एक नियम मात्र वगळा. चेंडू बाहेर गेला की जो आधी शिवेल त्याचा, असं मूळ कागदात आहे. त्यापायी तेव्हाही लोक एकमेकांवर तुटून पडत, आणि तुमच्या हॉलबाहेर पायऱ्या असणार. शेवटी ज्याचा हात लागला त्याच्या विरुद्ध संघाला द्या.

पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मधे पाच मिनिटं विश्रांती. बरोबरी झाली तर दोन्ही कर्णधारांच्या संमतीनं पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवायचा, असं तेरावा नियम सांगतो. तोवर घंटा झालेली असेल, तर पुढचा तास ज्यांचा आहे त्या गणिताच्या बाईंचीही संमती घ्या.